तेरावा चिंचोका

"नऊ, दहा, अकरा…" गोजराआक्का चिंचोके मोजून पितळेच्या वाटीत टाकत होती आणि अंगणात कैलासची गाडी सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

"किती म्हनलास?" मध्येच थांबून तिनं विचारलं.

"तेरा. सतरांदा सांगितलं."

"नागपूर लईच लांब हाय की रं. आन् आभाळातल्या ईमानानं?"

"सव्वा."

"सव्वा दिवस?"

"सव्वा तास, आक्का. पर धुक्यानं दोन दिस ईमानं बंद हायेत. म्हनून तर आपल्याला हे भाडं लागलं."

आक्काला हसू आलं. "सव्वा तासात माजं दळनबी व्हायचं न्हाई गिरनीवर," असं म्हणत तिनं बारावा टाकला. तेरावा मात्र बोटांतून निसटला आणि टणटणत पत्र्याच्या ट्रंकेखाली गेला.

सहासष्ट वर्षांची ती बाई गुडघे टेकून ट्रंकेखाली हात घालायला लागली. कैलासनं घड्याळाकडे बघितलं. भाडं पुण्याजवळच्या नांद्याहून उचलायचं होतं आणि नांदं गाठायला तास तरी हवा होता.

"राहू दे गं. बारा तर बारा."

"तेरा म्हंजी तेरा. एक कमी पडला तर म्या तासभर आधीच काळजीला लागंन. ते परवडायचं न्हाई मला या वयात."

शेवटी तोच वाकला, मोबाइलचा उजेड पाडून चिंचोका शोधला आणि तिच्या हातावर ठेवला. त्यावर कोळ्याचं जाळं चिकटलं होतं. आक्कानं तो पदराला पुसला, वाटीत टाकला, आणि मग म्हणाली, "जा आता. सावकाश ये."

ही चिंचोक्यांची भानगड काही आजची नव्हती. आई गेली तेव्हा कैलास चार वर्षांचा होता आणि त्याची थोरली बहीण, आक्का, एकोणीसची. त्याच वर्षी तिचा नवरा विहिरीवरच्या मोटरचा झटका बसून गेला, सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, आणि त्या दिवसापासून आक्का कैलासची आईच होऊन बसली. पुढे तो अठराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर म्हणून जायला लागला, तेव्हा आक्काला घरात बसवेना. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. म्हणून कैलासनं जुन्या बाजारातून टोल्यांचं घड्याळ आणून भिंतीला लावलं. परतायला, किंवा मुक्काम असला तर पोचायला, जितके तास सांगायचे तितके चिंचोके वाटीत. दर तासाला टोला पडला की एक चिंचोका उचलून डब्यात. वाटी रिकामी झाली की आक्का चुलीवर चहाचं आधण ठेवायची, आणि आधणाला कढ येईपर्यंत शाळेच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजायचा.

ट्रक जाऊन जीप आली. खालच्या अंगाचं भातखाचर पुण्याच्या एका डॉक्टरनं फार्महाउससाठी घेतलं, तेव्हा जीप जाऊन सात सीटांची गाडी आली. लग्नाचं काही जमलं नाही. ड्रायव्हरला आणि त्यातून खाचर विकलेल्या ड्रायव्हरला कोण मुलगी देणार, असं आक्का लोकांना सांगायची आणि कैलास ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. चिंचोके मात्र तेच राहिले. तेहतीस वर्षं वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झाले होते की बोटांतून निसटायचे.

कैलासला एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्यानं सांगितलेली वेळ चुकत नसे. कोळवण ते विमानतळ पहाटे चारला निघालं तर दीड तास, आठला निघालं तर अडीच, सोमवार असेल तर तीन. मोबाइल काहीही दाखवो. महाळुंग्याच्या नव्या बिल्डिंगमधली आयटीवाली पोरंही आधी मोबाइलवर बघायची आणि मग त्याला फोन करून विचारायची, "कैलासदादा, खरंच किती लागेल?" विमानतळावर त्यानं दोन हजार फेऱ्या तरी मारल्या असतील. विमानात मात्र एकदाही बसला नव्हता.

या धंद्यात एक काम असं होतं, की त्याचं भाडं घेताना त्याची मान वर होत नसे.

कोळवण खोऱ्यातली शिकलेली मुलं आता बंगळूर, दिल्ली, कुठं कुठं असतात. घरात कोणी गेलं, की त्यांना फोनवर खरं सांगायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे. एकट्या माणसाला परमुलखात हे कळलं तर त्याला सावरणार कोण? म्हणून सांगायचं, जरा बरं नाही, निघून ये. आणि मग कैलासला निरोप जायचा: अमक्याचा मुलगा येतोय, विमानतळावरून आण, वाटेत काही बोलू नको. कैलास बोलत नसे. माणूस मागं बसून डॉक्टरांना फोन लावायचा, पुण्याला हलवायच्या गोष्टी करायचा, आणि कैलास पुढे बसून "व्हय, व्हय" म्हणायचा.

गावच्या शाळेतल्या गुरुजींची मुलगी गौतमी बंगळूरहून आली तेव्हाही असंच झालं. "कैलासदादा, बाबांना उद्याच मोठ्या हॉस्पिटलला नेऊ, तुमचीच गाडी लागेल," असं ती चांदणी चौकापासून पौडापर्यंत सांगत होती. "बाबा तुमची वाट बघत्यात, ताई," असं तो म्हणाला. मग गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि तिला दारातला चपलांचा ढीग दिसला. ती उतरली नाही. आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

त्यानंतर वर्षभर तो गुरुजींच्या घरावरून गाडी घेऊन गेला नाही. पण त्या दिवसापासून त्याचं एक मत बनलं होतं आणि ते तो सगळ्यांना ऐकवायचा. रस्त्यानं आलेला माणूस वाटेतच सगळं समजून घेतो, रडून घेतो. विमानानं येणाऱ्याला ती सवडच मिळत नाही. सव्वा तासात माणूस नुसता अंगानं पोचतो.

नागपूरचं भाडं होतं अनिमेषचं. नांद्याला भाड्यानं राहणारा हा मुलगा मूळचा तिकडचा. बहिणीचं लग्न तोंडावर आणि विमानं बंद, म्हणून बायकोला, उत्कर्षाला, घेऊन तो कैलासच्या गाडीनं निघाला. तेरा तास म्हणाला होता, तेराव्या तासाला कैलासनं त्यांना दारात उतरवलं आणि आक्काला फोन लावला. "वाटी रिकामी झाली बग आत्ताच," ती म्हणाली. तिचा आवाज जरा दमलेला वाटला. "काय न्हाई रं, थंडी हाय," म्हणून तिनं फोन ठेवला.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरामात निघायचं होतं. पण पहाटे पाचला कैलासच्या उशाशी फोन वाजला.

"दादा, उठलास का?"

राजूचा आवाज ऐकूनच तो उठून बसला. राजू हा त्याचा चुलतभाऊ, कोळवणात भिंतीला भिंत लागून राहणारा, आणि आठच्या आत कधी डोळा न उघडणारा.

"काय झालं?"

"काय न्हाई. आक्काला जरा बरं न्हाई. छातीत दुखाय लागलं म्हनून राती पौडाला नेलं व्हतं. आता घरी आनलंय."

"घरी कशापायी आनलं?"

राजू अडखळला. "डॉक्टर म्हनले, घरी न्या."

"फोन दे तिला."

"झोपलीया. इंजेक्शन दिलंय. तू निघ, दादा. पर घाई करू नको. एकटा हायेस. सावकाश ये."

त्याच्या मागं बायका हळू आवाजात बोलत होत्या. पहाटे पाच वाजता घरात बायका कशाला जमल्या, हे कैलासला कोणी सांगायची गरज नव्हती. शेजारचे एकनाथनाना गेले, तेव्हा त्यांच्या दिल्लीच्या मुलाला, मनीषला, फोन करायला कैलासनंच राजूला पढवून बसवलं होतं. बरं न्हाई म्हन. घरी आनलंय म्हन. फोन मागितला तर झोपल्यात म्हन. आन् घाई करू नको म्हनायला इसरू नको. राजू त्या वेळी दोनदा अडखळला होता. आज एकदाच अडखळला.

आक्का गेली, असं कैलासनं मनातल्या मनात म्हटलं आणि चादरीची घडी घालायला लागला. कडेला कड मिळेना, म्हणून त्यानं ती दोनदा उलगडली.

आवाजानं जागा झालेला अनिमेष खोलीत आला. कैलासनं राजूनं सांगितलं तेवढंच त्याला सांगितलं.

"मग गाडीनं कशाला जाता, कैलासभाऊ?" अनिमेष लगेच मोबाइलमध्ये बघायला लागला. "आज विमानं सुरू झाली न. हे बघा, सव्वानऊचं आहे. मी तिकीट काढतो. साडेदहाला पुण्यात. बाराला तुम्ही घरी."

"दीड वाजंल," कैलास सवयीनं म्हणाला. "भाईर पडाय अर्धा तास, आन् ईमानतळ ते कोळवण अडीच."

"दीड तर दीड. तुमची गाडी अमोघ आणून देईल, माझा मावसभाऊ. तुम्ही बसा फक्त."

कैलासनं त्याच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. पडद्यावर नागपूरपासून पुण्यापर्यंत एक वाकडी रेघ होती, बस. त्या रेघेत ना गाव होतं ना टोलनाका. आयुष्यभर त्याला विमानात बसायचं होतं. एकदा आक्कालाही बसवीन, असं तो तिला म्हणालाही होता. आता तिकीट समोर होतं आणि त्याला हात पुढे करवेना. सव्वा तास म्हणजे चिंचोकाभर वेळ. वर बसायचं, खाली उतरायचं, आणि समोर आक्काला अंगणात निजवलेलं बघायचं. तेवढ्या वेळात हे त्याच्या डोक्यात मावणार नव्हतं. आणि आता घाई तरी कशाची? राजू संध्याकाळपर्यंत थांबेल. दिवस मावळला तर सकाळपर्यंत ठेवतील. रस्त्यानं गेलं तर अजून तेरा तास त्याला कोणी काही सांगणार नव्हतं. तेवढे तेरा तास तरी आक्का नुसती आजारी असणार होती.

"गाडी माझ्याबिगर कुनाला ऐकत न्हाई," तो म्हणाला. ते काही खरं नव्हतं.

"पण भाऊ, आक्कांना…"

"नको साहेब. मी रस्त्यानंच जातो."

साडेपाचला त्यानं गाडी काढली. निघताना राजूला फोन केला. "निघालो. तेरा तास," असं तोंडातून निघून गेलं, आणि मग तो स्वतःशीच चिडला. ते तास आता मोजणार कोण होतं?

समृद्धी महामार्गावर धुकं होतं. पुढची पन्नास पावलं दिसायची, त्यापुढे पांढरं. अधूनमधून फुटलेल्या टायरच्या काळ्या पट्ट्या रस्त्यावर पडलेल्या दिसायच्या, आणि झोप आली तर थांबा असं सांगणारे फलक धुक्यातून एकदम अंगावर यायचे. नऊच्या सुमारास धुकं विरलं. रस्ता मोकळा झाला, मागून येणाऱ्या गाड्या सूं करून पुढे जायला लागल्या. कैलास सत्तरच्या वर गेला नाही. एरवी याच रस्त्यावर त्यानं काटा शंभराच्या खाली येऊ दिला नसता.

पेट्रोल पंपाशेजारच्या ढाब्यावर त्यानं चहा मागितला. तो पिऊन झाल्यावर दुसरा मागितला. समोरच्या माणसानं विचारलं, "कुठं?" कैलास म्हणाला, "घरी." मग उगाचच त्याला सांगत बसला की बहीण कशी नाचणीची भाकरी करते, आणि तिची भाकरी पातळ असूनही कशी मोडत नाही. तो माणूस "बरं बरं" म्हणून उठून गेला. कैलास आणखी वीस मिनिटं बसून राहिला. उन्हात गाडीच्या काचेवरची धूळ चमकत होती. ती त्यानं पुसली, मागची पुसली, चारही टायरची हवा तपासून घेतली.

जालना मागं पडलं तेव्हा साडेअकरा झाले होते. फोन वाजला.

"कुठवर आलास, दादा?" राजू विचारत होता.

"जालना झालं."

"आत्ता? बरं. आक्का इचारतीया. मगाधरनं चारदा इचारलं, कैलास कुठवर आला म्हनून."

 राजू चांगलं करत होता. हे वाक्य तर कैलासचं स्वतःचं होतं. गौतमीला त्यानं असंच सांगितलं होतं. आपल्या जिवासाठी राजूला हे नाटक करावं लागतंय, शेजारी आक्का तशी पडलीय आणि हा फोनवर हे बोलतोय, याची त्याला दया आली.

"सांग तिला, येतोय," तो कसाबसा म्हणाला.

"दादा, ऐक, तिला जास्त बोलवत न्हाई, पर…"

"रेंज जातीया," म्हणून त्यानं फोन कापला.

नंतर दोनदा फोन आला, तो त्यानं उचलला नाही. पडद्यावर राजूचं नाव दिसलं की तो नजर रस्त्याकडे वळवायचा. आता सांगेल, आता सांगेल, असं वाटायचं. नगरच्या अलीकडे तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं फोन बंद करून गाडीच्या कप्प्यात टाकला. गाडीत एकदम शांत झालं. मग तो रडला. पन्नाशी उलटलेला माणूस, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, मोठ्यानं रडला. रडता रडता त्याला वाटलं, आपलं म्हणणं बरोबर होतं. विमानात हे जमलं नसतं.

शिक्रापूरला ट्रकांची रांग होती. वाघोलीला त्याहून मोठी. एरवी त्याला आडवाटा पाठ होत्या. आज त्यानं एकही घेतली नाही, सगळ्यांच्या मागं उभा राहिला. येरवड्याच्या अलीकडे डोक्यावरून एक विमान उतरायला लागलं, इतकं खाली की त्याची चाकं दिसली. गाडीतल्या घड्याळात साडेपाच झाले होते. सकाळच्या विमानानं आलो असतो तर घरी पोचून चार तास झाले असते, असा हिशेब त्याच्या डोक्यानं आपला आपणच केला. साडेसहाला तेरा तास झाले तेव्हा तो विद्यापीठाच्या चौकात उभा होता.

पौडाला पोचेपर्यंत साडेसात झाले. बाजारपेठेतले दिवे लागले होते. कैलासनं गाडी कडेला घेतली. एक काम राहिलं होतं. बाई गेली की तिला माहेरचं लुगडं लागतं. आक्काचं माहेर म्हणजे कैलास. ते काम दुसऱ्या कोणावर टाकता येणार नव्हतं.

"साडी दाखवा," तो दुकानात म्हणाला. "नऊवारी."

"कुणासाठी?" दुकानदार दिग्विजयशेठ त्याला ओळखत होते.

"आक्कासाठी."

शेठनी तिच्या वयाकडे बघून फिकट रंगाचे दोन नग पुढे टाकले. कैलासनं ते बाजूला सारले. सत्तेचाळीस वर्षं आक्कानं फिकटच नेसलं होतं. त्यानं गठ्ठ्यातून मोरपंखी काढायला लावली, मग डाळिंबी. दोन्ही दिव्याखाली धरून बघितल्या. काठ बघितले, पदर उलगडायला लावला. त्याला घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तो बहिणीसाठी तिच्या आवडीचा रंग निवडत होता, आणि तिला नको म्हणता येणार नव्हतं. शेवटी त्यानं डाळिंबी घेतली.

"चांगली दिसंल आक्कांना," शेठ म्हणाले. "काय कार्य हाय का?"

"व्हय," कैलास म्हणाला.

शाळेच्या वळणावर त्याचा हात हॉर्नकडे गेला. वाजवायचा की नाही, या विचारात वळण गेलं. साडेआठला दहा मिनिटं कमी होती.

दारात चपला होत्या, पण आठ-दहाच. हे आधी त्याच्या लक्षात आलं. पहाटेपासून माणूस गेलेल्या घराच्या दारात चपलांना जागा पुरत नाही. अंगणात सतरंजी असते, गावातली माणसं ओट्यावर बसून दमलेली असतात. इथं अंगणात कोणी बसलेलं नव्हतं. चुलीवरून नुकतंच काहीतरी उतरवलं होतं आणि जाळ तसाच राहिला होता. आतून रडण्याचा आवाज येत होता.

अशा घरांच्या दारात कैलास आजवर कितीतरी वेळा गाडी घेऊन उभा राहिला होता. दिवसभराचं रडणं कसं असतं ते त्याला माहीत होतं. त्यात मधूनच बोलणं असतं, पाणी दे म्हणणं असतं, आवाज बसलेला असतो. हे रडणं तसं नव्हतं. हे नवं होतं.

पिशवी हातात घेऊन तो गाडीशीच उभा राहिला. 

राजू धावत बाहेर आला. "कुटं व्हतास, दादा? फोन बंद, इकडं जीव टांगनीला… आत्ता रं. पाऊन तास झाला. जरा आधी आला असतास…" आणि त्याचं पिशवीकडे लक्ष गेलं. प्लॅस्टिकमधून डाळिंबी काठ दिसत होता. तो बघतच राहिला. "हे… हे तू आनलंस? तुला कुनी सांगितलं?"

कैलासनं पिशवी छातीशी धरली.

"तुजा तर फोन बंद व्हता. तुला कसं कळलं?"

"सकाळी," कैलास म्हणाला. "तू सकाळी म्हनलास न्हवं. बरं न्हाई, झोपलीया, सावकाश ये…"

"झोपली व्हती म्हनून म्हनलं! इंजेक्शन दिलं व्हतं म्हनून म्हनलं!" राजूचा आवाज फाटला. "डॉक्टर म्हनले आज-उद्याचा दिवस हाय, भावाला बोलवून घ्या. तू एकटा, हायवे तसला, म्हनून म्हनलं सावकाश ये. दादा, ती जित्ती व्हती. दिवसभर जित्ती व्हती."

कैलास आत गेला. बायकांनी वाट करून दिली. आक्काला अजून खाली घेतलं नव्हतं. ती कॉटवर होती, उशाला उंच करून, तोंड दाराकडे. अंगावर तीच फिकट साडी होती. उशाशी स्टुलावर पितळेची वाटी होती आणि तिच्याजवळ डबा.

त्यानं वाकून तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार नव्हतं.

"सकाळी तुमचा फोन आला न्हवं, तेरा तास म्हनून," राजूची बायको दिशा पदर तोंडाशी धरून सांगायला लागली. "जाग्या झाल्यावर म्हनल्या, माजी वाटी आना. म्याच मोजून टाकले तेरा. टोला पडला की हात करायच्या. स्वतः उचलायच्या, दुसऱ्याला हात लावू देत न्हवत्या. दुपारनंतर हात वर होत न्हवता, तरी. बारा डब्यात गेले. मग तेरावा उचलला."

"मग?"

"तो टाकना झाल्या. म्या म्हनलं, आक्का, साडेसहा झाले, तेरा तास झाले, टाका. तर न्हाई म्हनल्या. मूठ आवळून धरली. सात झाले, साडेसात झाले, सोडंनात. म्हनल्या…" 

"काय म्हनली?"

"म्हनल्या, घड्याळ फुडं गेलंया. कैलासचा टाइम चुकत न्हाई."

आक्काचा उजवा हात छातीवर होता, मूठ मिटलेली. कैलास खाली बसला. एकेक बोट त्यानं हळूच सोडवलं, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तसं. चिंचोका तळहातात रुतून बसला होता. तो काढून त्यानं स्वतःच्या हातात घेतला. गरम होता.

तेवढ्यात वरून एक टोला पडला. अर्ध्या तासाला ते घड्याळ एकच टोला द्यायचं. सगळ्यांनी वर बघितलं. कैलासनं दुसऱ्या हाताच्या मनगटावरचं घड्याळ दिव्याकडे धरलं, आधी त्यात बघितलं, मग भिंतीवर.

भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं.